एन्कोडर घेण्याआधी छत्रीकडे बघा

टीव्हीचे कार्यक्रम घरच्या कॉम्प्युटरवर आपोआप रेकॉर्ड करून सवडीने कसे बघायचे, हे विचारणारी बरीच पत्रं सीमाभागातून आली. त्यातली निवडक इथे घेतली आहेत. एकाच अडचणीची पत्रं एकत्र केली आहेत. या पानावर डीव्हीआर म्हणजे रेकॉर्डिंग करणारा घरचा कॉम्प्युटर आणि त्यावरचं सॉफ्टवेअर. सीसीटीव्हीचा डबा नव्हे. पण त्याबद्दलही एका वाचकाने विचारलंच आहे.

प्रश्न : घरी डीटीएचचा एचडी बॉक्स आहे आणि एक जुना मिनी पीसी पडून आहे. आई-बाबांच्या संध्याकाळच्या मालिका आपोआप रेकॉर्ड व्हायला हव्यात, आणि खालच्या व माडीवरच्या दोन्ही टीव्हींवर बघता यायला हव्यात. एचडीएमआय एन्कोडर घ्यावा म्हणतोय. काय काय लागतंय आणि जोडायचं कसं? (एक वाचक, निपाणी)

उत्तर : पैसे घालण्याआधी एक खात्री करून घ्या. तुमच्या बॉक्सच्या एचडीएमआयवर एचडीसीपीचं (नक्कल रोखणारं) कुलूप असेल तर एन्कोडर काळा पडदा दाखवेल. ओळखीच्या कुणाचा एन्कोडर किंवा कॅप्चर कार्ड तासभर आणून लावून बघा. कुलूप निघालं तर बॉक्सच्या मागचा लाल-पांढरा-पिवळा एव्ही-आउट उरतो. तो अ‍ॅनालॉग असतो, त्यावर एचडीसीपी नसतं. पण चित्र एचडी राहत नाही, जुन्या ५७६ ओळींचं होतं. मालिकांना ते पुरतं, क्रिकेटला नाही. अशा वेळी एव्ही इनपुट असलेलाच एन्कोडर घ्या. एव्हीचं एचडीएमआय करणारे स्वस्त कन्व्हर्टर पुढे ६० हर्ट्झ देतात. आपलं प्रक्षेपण ५० हर्ट्झचं, त्यामुळे खालून सरकणाऱ्या बातम्यांच्या पट्ट्या अडखळत चालतात.

आता साखळी. डीव्हीआर सॉफ्टवेअरला एचडीएमआयची वायर कळत नाही, त्याला नेटवर्कवरून येणारा प्रवाह लागतो. एन्कोडर हा मधला दुभाष्या: एका अंगाने एचडीएमआय घेतो, आत एच.२६४ या पद्धतीने दाबून लहान करतो आणि लॅनच्या वायरवर एका ठरावीक पत्त्यावर सोडतो. तो पत्ता आधी लॅपटॉपवर व्हीएलसी या प्लेयरमध्ये उघडून बघायचा. तिथे चित्र नसेल तर डीव्हीआरमध्येही येणार नाही, म्हणून तपासणी कायम व्हीएलसीपासून सुरू करा.

सामान फार नाही. एका बॉक्सला एक एन्कोडर, दीड मीटरची एचडीएमआय वायर, दोन कॅट-६ वायरी, राउटरला मोकळी जागा नसेल तर पाच पोर्टचा गिगाबिट स्विच, आणि हार्ड डिस्क. मिनी पीसी जुना असला तरी चालतो, कारण दाबायचं काम एन्कोडरने आधीच केलेलं असतं. कॉम्प्युटरला फक्त आलेला प्रवाह डिस्कवर उतरवायचा असतो. त्याला घाम फुटतो तो मोबाइलवर बघण्यासाठी तेच रेकॉर्डिंग पुन्हा लहान करून पाठवावं लागलं तर.

बहुतेक जण अडकतात ते एन्कोडरच्या पत्त्यापाशी. युरे कंपनीचे एन्कोडर साधारणपणे १९२.१६८.१.१६८ या पत्त्यावर येतात, लिंकपायचे १९२.१६८.१.२१७ वर. तुमचा राउटर जिओफायबरचा असेल तर घरातले पत्ते १९२.१६८.२९ ने सुरू होतात. म्हणजे दोघांच्या गल्ल्याच वेगळ्या, गाठ पडणार कशी? लॅपटॉपची वायर थेट एन्कोडरला लावा. लॅपटॉपला हाताने १९२.१६८.१.५० हा पत्ता आणि २५५.२५५.२५५.० हा मास्क द्या. ब्राउझरमध्ये एन्कोडरचं पान उघडलं की त्याला १९२.१६८.२९.२०० असा नवा पत्ता आणि १९२.१६८.२९.१ हा गेटवे द्या, पासवर्ड बदला, सेव्ह करून रीस्टार्ट करा. मग एन्कोडर राउटरला जोडायचा आणि लॅपटॉप परत ऑटोमॅटिकवर आणायचा. हे शेवटचं विसरलं की 'नेट गेलं' म्हणून घरात आरडाओरडा ठरलेला. राउटर आपोआप वाटतो त्या पत्त्यांच्या (डीएचसीपी) यादीतून २०० हा आकडा वगळून ठेवा, नाहीतर उद्या तोच पत्ता पाहुण्यांच्या मोबाइलला मिळेल.

सेटिंग अशी ठेवा. एच.२६४, हाय प्रोफाइल. एचडीएमआयवरून येत असेल तर १९२० गुणिले १०८०, ५० फ्रेम, ८ एमबीपीएस. एव्हीवरून येत असेल तर ७२० गुणिले ५७६, २५ फ्रेम, अडीच एमबीपीएस. आवाज एएसी, ४८ किलोहर्ट्झ, १९२ केबीपीएस. की-फ्रेमचं अंतर ५० फ्रेमला ५०, म्हणजे सेकंदाला एक. पूर्ण चित्र फक्त की-फ्रेममध्ये असतं, मधल्या फ्रेम नुसता फरक सांगतात. हे अंतर २५० ठेवलंत तर वाहिनी लावल्यावर पाच सेकंद पडदा रिकामा राहू शकतो, आणि जाहिरात ओलांडून पुढे जाताना उडी भलत्याच जागी पडते.

जागेचा हिशोब तोंडी करता येतो. ८ एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १ मेगाबाइट, तासाला ३.६ जीबी. एक टीबीच्या डिस्कवर सुमारे २७५ तास. अडीच एमबीपीएसला तासाला १.१ जीबीच लागते. बिट आणि बाइट यांची गल्लत करू नका, आठपट चुकेल.

सॉफ्टवेअर म्हणून आमचं मत जेलीफिनला. फुकट आहे, एम३यू (वाहिन्यांच्या पत्त्यांची) यादी आणि एक्सएमएलटीव्ही (कार्यक्रमांचं) वेळापत्रक थेट घेतं, आणि रेकॉर्डिंगसाठी वेगळे पैसे मागत नाही. प्लेक्सला एचडीहोमरन जातीचा ट्यूनर दिसावा लागतो, त्यासाठी मध्ये थ्रेडफिनसारखं आणखी एक सॉफ्टवेअर बसवावं लागतं, आणि रेकॉर्डिंगला प्लेक्स पास लागतो. चॅनल्स डीव्हीआर वापरायला सुटसुटीत आहे, पण वर्गणीवर चालतं. कुठलंही घ्या, ट्यूनरच्या पानावर 'एका वेळी किती प्रवाह' या रकान्यात १ भरायला विसरू नका. तो मोकळा राहिला तर सॉफ्टवेअर एकाच वेळच्या दोन मालिका रेकॉर्ड केल्याचं सांगेल, आणि दोन्ही फायलींमध्ये एकच मालिका निघेल.

प्रश्न : फायर टीव्ही स्टिक एन्कोडरला लावली. मेनू छान दिसतोय, पण ओटीटीवरची मालिका लावली की पडदा काळा. दुकानदार म्हणाला, मध्ये एक स्प्लिटर घाला, होऊन जाईल. कुठला घेऊ? (एक वाचक, कॅम्प, बेळगाव)

उत्तर : कुठलाच नाही. स्टिक आणि टीव्ही एकमेकांना ओळखपत्र दाखवून कुलूप उघडतात, ते एचडीसीपी. एन्कोडरकडे ते ओळखपत्र नाही, म्हणून तो कोराच राहतो. यंत्रात बिघाड काही नाही. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ६५ए हक्कभंगाच्या हेतूने असं कुलूप फोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड सांगतं. खासगी वापराची सवलत कलम ५२ मध्ये आहे, पण तिच्या भरवशावर कुलूप फोडायचा सल्ला हे पान देणार नाही. ओटीटीची मालिका नंतर बघायची असेल तर त्याच अ‍ॅपमधलं डाउनलोडचं बटण वापरा.

मग स्टिक आणि एन्कोडरची जोडी कशासाठी? कुलूप नसलेल्या गोष्टींसाठी: मंडळाच्या गणपतीचं स्वतःचं थेट प्रक्षेपण, गॅदरिंगचा कॅमेरा, घरच्या सर्व्हरवरचे जुने लग्नाचे व्हिडिओ. त्यासाठी स्टिकमध्ये तीन गोष्टी बदला. डिस्प्ले १०८०पी ५० हर्ट्झ करा. एचडीआर बंद करा, नाहीतर रंग धुतल्यासारखे फिके येतात. आवाजात डॉल्बीऐवजी पीसीएम निवडा; डॉल्बीचा प्रवाह साध्या एन्कोडरला उलगडत नाही, म्हणून एकतर शांतता नाहीतर खरखर.

स्टिकवर ठरल्या वेळी ठरावीक अ‍ॅप आपोआप उघडायचं असेल तर एडीबी, म्हणजे कॉम्प्युटरवरून स्टिकला हुकूम देण्याची सोय, लागतं. सेटिंगमधल्या 'अबाउट' पानावर स्टिकच्या नावावर सात वेळा दाबलं की डेव्हलपर पर्याय उघडतात, तिथे एडीबी डीबगिंग चालू करा. कॉम्प्युटर ५५५५ पोर्टवर पहिल्यांदा जोडताना टीव्हीवर परवानगी विचारली जाते, तेव्हा 'या कॉम्प्युटरला नेहमी परवानगी' यावर खूण करा. ती करायची राहिली तर प्रत्येक वेळी परवानगीची चौकट येऊन थांबेल, आणि तुमच्याकडे दोन तास त्या चौकटीचंच रेकॉर्डिंग होईल.

प्रश्न : सगळं व्यवस्थित चाललंय, पण सिनेमा सव्वा तासाच्या आतच तुटतोय. दर वेळी जवळपास त्याच जागी. एन्कोडर तापतोय का? (एक वाचक, खानापूर)

उत्तर : तापून बंद पडणारा एन्कोडर दर वेळी त्याच मिनिटाला बंद पडत नाही. तुमची डिस्क किंवा पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली आहे. फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही. ८ एमबीपीएसचं चित्र आणि वर आवाज धरला तर ती मर्यादा सत्तर मिनिटांच्या आसपास भरते. डिस्कवरचं दुसरीकडे काढून घ्या आणि विंडोजवर एनटीएफएस, लिनक्सवर ईएक्सटी४ करा. पेनड्राइव्ह मात्र या कामातून काढाच, रोजच्या तासन्‌तास लिहिण्यासाठी ती बनवलेलीच नसते. सीसीटीव्हीसाठी येणाऱ्या हार्ड डिस्क अखंड लिहिण्यासाठीच असतात, तसली घ्या.

एन्कोडर खरंच तापत असेल तर ओळख वेगळी: आधी चित्रात चौकोन फुटतात, मग त्याचं पानही ब्राउझरमध्ये उघडत नाही, आणि पिन काढून पुन्हा लावली की थोडा वेळ ठीक चालतो. शोकेसच्या बंद कप्प्यातून बाहेर काढा, चारी बाजूंनी चार बोटं जागा ठेवा.

प्रश्न : आमच्याकडे डीडी फ्री डिशची छत्री आहे. घरात सह्याद्री पण लागतं, चंदना पण लागतं. दोन्ही एकाच वेळी रेकॉर्ड करायची तर दोन बॉक्स आणि दोन एन्कोडर घ्यावे लागतील ना? (एक शिक्षिका, भालकी)

उत्तर : एकही नको. सगळ्या पत्रांमध्ये याचं उत्तर द्यायला आम्हाला सर्वांत बरं वाटलं.

फ्री डिशचा सिग्नल उपग्रहावरून येतो तेव्हाच तो दाबलेला डिजिटल प्रवाह असतो. बॉक्स तो उलगडतो, एचडीएमआयवर सोडतो, आणि एन्कोडर पुन्हा दाबतो. म्हणजे दूध आटवून खवा करायचा, पाणी घालून पुन्हा दूध करायचं आणि पुन्हा आटवायचं. प्रत्येक फेरीत थोडं बिघडतं. त्याऐवजी कॉम्प्युटरला डीव्हीबी-एस२ ट्यूनर लावला की उपग्रहाकडून आलेला मूळ प्रवाह जसाच्या तसा डिस्कवर उतरतो. एन्कोडर नाही, चॅनल बदलायची कसरत नाही, एचडीसीपीचा प्रश्न नाही. शिवाय एका ट्रान्सपाँडरवरच्या (उपग्रहावरून एकत्र येणाऱ्या एका गठ्ठ्यातल्या) सगळ्या वाहिन्या एकच ट्यूनर एकाच वेळी देतो. सह्याद्री आणि चंदना एकाच ट्रान्सपाँडरवर असतील तर एक ट्यूनर, वेगवेगळ्या असतील तर दोन ट्यूनर किंवा दोन तोंडांचं एक कार्ड. कुठली वाहिनी कुठे आहे हे बॉक्सवर ती लावून माहितीचं बटण दाबलं की कळतं.

छत्री तीच चालेल, पण तिच्या टोकाचा एलएनबी (सिग्नल पकडणारा डबा) बदलून दोन आउटपुटचा युनिव्हर्सल एलएनबी लावा. एका वायरीला साधा स्प्लिटर लावून भागत नाही. बॉक्स आणि ट्यूनर दोघंही त्याच वायरीतून एलएनबीला हुकूम सोडतात: १३ व्होल्ट म्हणजे उभं ध्रुवीकरण, १८ व्होल्ट म्हणजे आडवं, आणि २२ किलोहर्ट्झचा सूर म्हणजे वरचा पट्टा. दोघांनी दोन वेगळे हुकूम सोडले की एकाचं चित्र जाणार. दोन आउटपुटच्या एलएनबीत दोघांचं स्वतंत्र चालतं.

छत्री हलली असेल तर आकडे लक्षात असू द्या. फ्री डिश जीसॅट-१५ वर, ९३.५ अंश पूर्व. बिदर-भालकीकडून तो खऱ्या उत्तरेपासून सुमारे १३७ अंशांवर, क्षितिजापासून सुमारे ६२ अंश वर दिसतो. बेळगावात १२८ आणि ६१, कारवारात १२६ आणि ६२ च्या आसपास. म्हणजे सगळीकडे आग्नेयेला. नेहमीच्या ऑफसेट छत्रीचं तोंड मात्र तेवढं वर बघताना दिसत नाही, वीस-पंचवीस अंश खालीच वाटतं. ते बघून तिला आणखी वर करू नका. सिग्नल गेल्याची निम्मी कारणं तिथे असतात.

सॉफ्टवेअर लिनक्सवरचं टीव्हीहेडएंड. ट्यूनर घेताना त्याला लिनक्सचा ड्रायव्हर आहे याची खात्री करा. बऱ्याच स्वस्त यूएसबी ट्यूनरची बोंब तिथेच होते. टीव्हीहेडएंडमध्ये आधी डीव्हीबी-एस जातीचं नेटवर्क तयार करा, त्यात कक्षा ९३.५ पूर्व द्या, मग ट्यूनरला ते नेटवर्क जोडून एलएनबी युनिव्हर्सल निवडा. त्यात आयती मिळणारी ट्रान्सपाँडरची यादी जुनी असू शकते. म्हणून तुमच्या बॉक्सच्या मेनूतून एकेका ट्रान्सपाँडरची फ्रिक्वेन्सी, ध्रुवीकरण आणि सिम्बॉल रेट वहीत उतरवा आणि हाताने भरा. स्कॅन झाल्यावर सापडलेल्या सेवा वाहिन्यांना जोडा. एखादी वाहिनी यादीत दिसते पण चित्र येत नाही, असं झालं तर ती कुलूपबंद आहे, तिच्या नादी लागू नका.

रेकॉर्डिंग बघताना हलत्या माणसाच्या कडेला कंगव्यासारख्या रेषा दिसतील. ते प्रक्षेपण इंटरलेस्ड असतं म्हणून. प्लेयरमध्ये डीइंटरलेस चालू करा, रेकॉर्डिंगला हात लावू नका.

प्रश्न : घरात चार कॅमेऱ्यांचा सीसीटीव्ही डीव्हीआर आहेच. त्यालाच सेट-टॉप बॉक्स लावला तर? (एक वाचक, वडगाव, बेळगाव)

उत्तर : चित्र येईल. सध्याच्या बऱ्याच सीसीटीव्ही डीव्हीआरमध्ये बीएनसी इनपुट साधा कॉम्पोझिट सिग्नलही घेतो. चॅनलचा प्रकार सीव्हीबीएस करा आणि बॉक्सची पिवळी पिन आरसीए-बीएनसी कनेक्टरने लावा. पण आवाजाला वेगळं इनपुट लागतं, वेळापत्रक नाही, मालिकेचं नाव नाही, डिस्क भरली की जुनं पुसलं जातं, आणि कॉपी करायला कंपनीचा प्लेयर लागू शकतो. शिवाय चोरी झाली त्या दिवशी कॅमेऱ्याच्या जागी मालिका रेकॉर्ड झालेली सापडायची. ज्याचं काम त्यानेच करावं.

प्रश्न : एव्ही-आउटवरून एन्कोडर जोडलाय, चित्र-आवाज ठीक. पण डीव्हीआर सॉफ्टवेअर सेट-टॉप बॉक्सचं चॅनल बदलत नाही. जे लागलेलं असतंय तेच रेकॉर्ड होतंय. (एक वाचक, चिकोडी)

उत्तर : बदलणार कसं? सॉफ्टवेअर आणि बॉक्स यांच्यात वायर एकतर्फी आहे. तुम्हाला रिमोटचं काम करणारं यंत्र हवं, म्हणजे आयआर ब्लास्टर. ब्रॉडलिंकच्या आरएम मिनी जातीचे ब्लास्टर वायफायवर चालतात आणि तुमच्या रिमोटची बटणं शिकून घेतात. बॉक्सचे रिमोट बहुधा ३८ किलोहर्ट्झच्या इन्फ्रारेडवर चालतात, त्यामुळे शिकवणं अवघड नाही. रिमोट ब्लूटूथवर चालत असेल तर मात्र ब्लास्टरचा उपयोग नाही. ओळखायला सोपं: रिमोट रजईखाली धरून दाबा. चॅनल बदललं तर तो इन्फ्रारेड नव्हे.

प्रत्येक वाहिनीसाठी एक छोटी स्क्रिप्ट: तीन आकडे एकामागोमाग, मध्ये ४०० मिलिसेकंदांची उसंत, शेवटी ओके. उसंत फार कमी ठेवली तर १२४ ऐवजी बॉक्स १४ लावतो. फार जास्त ठेवली तर पहिल्या आकड्यावरच तो चॅनल बदलून मोकळा होतो. बॉक्सप्रमाणे २०० ते ६०० मध्ये करून बघा. जेलीफिन स्वतःहून अशी स्क्रिप्ट चालवत नाही, म्हणून मध्ये टीव्हीहेडएंड ठेवा. त्यात आयपीटीव्ही जातीचं नेटवर्क करून पत्त्याच्या जागी पाइपने स्क्रिप्ट देता येते: आधी ब्लास्टरला हुकूम, मग एन्कोडरचा प्रवाह एफएफएमपेग या सॉफ्टवेअरने पुढे ढकलणं. जेलीफिनला टीव्हीहेडएंडची यादी द्यायची.

काय काय बिघडतं तेही सांगून ठेवतो. पॉवरचं बटण स्क्रिप्टमध्ये कधीच घालू नका. ते चालू असलं तर बंद करतं आणि बंद असलं तर चालू करतं, आणि बॉक्स नेमका कोणत्या अवस्थेत आहे हे सॉफ्टवेअरला कळत नाही. बॉक्स कायम चालू ठेवा आणि त्याच्या मेनूतली 'ऑटो स्टँडबाय' बंद करा. ती चालू असली तर काही तास रिमोट न हलवल्यावर बॉक्स झोपतो. एकाच कंपनीचे दोन बॉक्स शेजारी असतील तर दोघंही एकाच ब्लास्टरचं ऐकतील. दुसऱ्याच्या डोळ्यावर काळी इन्सुलेशन टेप लावा. चॅनल बदलून चित्र स्थिर व्हायला सात-आठ सेकंद जातात, शिवाय वाहिन्या वेळापत्रकाच्या मिनिटाला सुरुवात करत नाहीत. म्हणून रेकॉर्डिंग दोन मिनिटं आधी सुरू आणि पाच मिनिटं उशिरा बंद. मागोमागच्या दोन मालिका वेगळ्या वाहिन्यांवर असतील तर ही जादा मिनिटं एकमेकांवर चढतात. तिथे एकीचा शेवट सोडावा लागतो. एका बॉक्सला पर्याय नाही.

प्रश्न : वेळापत्रकाची फाइल घातली, पण संध्याकाळी सातचा कार्यक्रम मध्यरात्री साडेबाराला दाखवतंय. शिवाय काही कार्यक्रमांची मराठी नावं विचित्र चिन्हांची झालीत. (एक वाचक, कारवार)

उत्तर : सात आणि साडेबारा यांत बरोबर साडेपाच तासांचं अंतर आहे, ते भारतीय वेळेचं. फाइलमध्ये वेळ भारतीय लिहिली आहे, पण तिच्यापुढे अधिक ०५३० ही खूण नाही, म्हणून सॉफ्टवेअर ती ग्रिनिचची समजतं आणि पुन्हा साडेपाच तास मिळवतं. एक्सएमएलटीव्हीत प्रत्येक सुरुवात आणि शेवट यांच्या आकड्यांनंतर एक मोकळी जागा सोडून अधिक ०५३० हवं. टेक्स्ट एडिटरमध्ये शोधा-बदला करून एकदा दुरुस्त होईल. रोज फाइल उतरत असेल तर एका ओळीची स्क्रिप्ट लावा. फाइलमध्ये सगळं बरोबर असेल तर सर्व्हरचा टाइमझोन बघा. सॉफ्टवेअर डॉकरमध्ये (वेगळ्या बंद डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये) चालवत असाल तर कंटेनरला एशिया/कोलकाता वेगळा सांगावा लागतो, तो बाहेरच्या घड्याळाकडे आपोआप बघत नाही.

विचित्र चिन्हं म्हणजे फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह झालेली नाही, किंवा पहिल्या ओळीत दुसरंच लिहिलंय. नोटपॅडमध्ये उघडून 'सेव्ह अ‍ॅज'मध्ये यूटीएफ-८ निवडा. आणि वाहिनीला वेळापत्रक लागतच नसेल तर एम३यूमधला टीव्हीजी-आयडी आणि एक्सएमएलटीव्हीतला वाहिनीचा आयडी अक्षरन्‌अक्षर एक आहे का ते तपासा, मोकळ्या जागेसकट.

प्रश्न : एन्कोडर चालू केला की घरातलं वायफाय मरतंय. बंद केला की सुरळीत. (एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव)

उत्तर : एन्कोडरच्या पानावर यूडीपी मल्टिकास्ट हे आउटपुट चालू असणार, पत्ता २२४ ते २३९ मधल्या आकड्याने सुरू होणारा. ते बंद करा आणि फक्त एचटीटीपी ठेवा. मल्टिकास्ट म्हणजे दवंडी. कुणी ऐकत असो वा नसो, साधा राउटर ती प्रत्येक पोर्टवर आणि वायफायवरही पाठवतो, आणि वायफायवर ती सर्वांत हळू वेगाने जाते. आयजीएमपी स्नूपिंग असलेला स्विच असेल तर दवंडी मागणाऱ्यापर्यंतच जाते, पण तुमच्या घराला तिची गरजच नाही. एचटीटीपीत कुणी मागितलं तरच प्रवाह जातो.

आणखी एक: एन्कोडर आणि सर्व्हर ही जोडी वायरनेच जोडायची. वायफायवर प्रवाह काही वेळ अडला तर थेट चित्रात तो परत मागवता येत नाही, रेकॉर्डिंगमध्ये कायमचा खड्डा पडतो. बघणारा टीव्ही वायफायवर असला तर चालेल.

प्रश्न : जांबोटीकडे पावसाळ्यात छत्रीचा सिग्नल जातोय, आणि लाइट गेली-आली की पुढची सगळी रेकॉर्डिंग काळी. काय करावं? (एक वाचक, खानापूर तालुका)

उत्तर : दोन वेगळे रोग आहेत. जोरदार सरीत केयू-बँड, म्हणजे छत्रीला येणाऱ्या लहरींचा पट्टा, शोषला जातो, त्याला इलाज नाही. पण राखीव ताकद वाढवता येते. ६० सेंटीमीटरच्या जागी ९० सेंटीमीटरची छत्री म्हणजे साडेतीन डेसिबलची भर, आणि मध्यम पाऊस त्यात निभावतो. पाऊस थांबल्यावरही सिग्नल येत नसेल तर पाणी एफ-कनेक्टरमध्ये शिरलंय. पिन काढून बघा. तांब्याची तार हिरवी-काळी पडली असेल तर चार बोटं वायर कापून नवीन पिन लावा, वर स्वतःला चिकटणारी रबर टेप गुंडाळा. वायर एलएनबीपासून आधी खाली झोळी देऊन मग वर घ्या, म्हणजे पाणी झोळीतून ठिबकतं, पिनेत उतरत नाही. विजा चमकायला लागल्या की ट्यूनरची वायर आणि प्लग दोन्ही काढा. एकच काढून उपयोग नाही.

काळ्या रेकॉर्डिंगचं कारण बॉक्स. लाइट आल्यावर कॉम्प्युटर आणि एन्कोडर आपोआप उठतात, पण बरेच बॉक्स स्टँडबायमध्येच राहतात. म्हणून बॉक्सला यूपीएसवर घ्या, नुसत्या कॉम्प्युटरला नव्हे. मिनी पीसी १२ वॉट, राउटर १०, एन्कोडर ६, बॉक्स १२, मिळून ४० वॉट. ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी असते, म्हणजे कागदावर ८४ वॉट-तास. वाटेत गळती जाऊन हाती निम्मी धरा, तासभर निघेल. टीव्ही त्यावर लावू नका. मिनी पीसीच्या बायोसमध्ये वीज परतल्यावर 'पॉवर ऑन' निवडा, आणि डीव्हीआर सॉफ्टवेअर दोन मिनिटं उशिरा सुरू होईल असं करा. एन्कोडर उठायच्या आत त्याने पत्ता मागितला आणि मिळाला नाही, तर काही सॉफ्टवेअर ती वाहिनी बंद समजून पुन्हा विचारतच नाहीत.